कॉलेजसाठी लॅपटॉप घेताय? आधी बघा नंतर काय बदलता येत नाही

ॲडमिशनचे दिवस आले की मला ठरलेले मेसेज यायला लागतात. तीन-चार लॅपटॉपचे स्क्रीनशॉट आणि खाली एकच ओळ, "यातला कुठला घेऊ, बजेट जास्त नाहीये". स्क्रीनशॉटमधे सगळं तेच तेच, कोअर आय अमुक, एवढे जीबी, तेवढे जीबी, फुल एचडी, आणि कुठल्यातरी गोष्टीपुढे 'अल्ट्रा फास्ट'. ज्याला यातलं काही कळत नाही तो शेवटी रंग बघून घेतो, आणि खरं सांगायचं तर त्यात त्याची काही चूक नाही.

अलीकडे दोन गोष्टींनी हा गोंधळ आणखी वाढवलाय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी नेहमीची सुरक्षा अपडेटं, संपला, त्यामुळे घरातला जुना लॅपटॉप 'चालतोय की अजून' म्हणून पोरांच्या हातात द्यावा की नाही हा प्रश्न आला. आणि त्याच वर्षाच्या शेवटाकडे मेमरी चिपचे भाव चढायला लागले. या चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, आणि एआयच्या डेटा सेंटरना मेमरी हवीय ढिगाने, तिथे पैसा जास्त, मग आपल्या लॅपटॉपच्या वाट्याला येणारा माल कमी. म्हणजे ज्या पैशात आधी १६ जीबी मेमरी (रॅम) येत होती तिथे आता ८ वर भागवायची वेळ येऊ शकते.

म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. माझं म्हणणं एवढंच आहे की पैसे कमी असले तर ते अशा गोष्टींवर घाला ज्या नंतर बदलता येत नाहीत. जे नंतर झाकण उघडून बदलता येतं तिथे आज काटकसर केली तरी चालतं. बाकीचा सगळा लेख म्हणजे कुठली गोष्ट कुठल्या बाजूला पडते ते.

आत नेमकं असतं काय

एक शिंपी डोळ्यासमोर आणा. शिंपी म्हणजे प्रोसेसर, काम करणारा तो. त्याच्यासमोरचं कापायचं टेबल म्हणजे रॅम, आत्ता ज्या कापडावर काम चाललंय ते तिथे पसरलेलं असतं आणि दुकान बंद झालं की टेबल रिकामं. मागचं कपाट म्हणजे स्टोरेज, तिथे सगळं घड्या घालून ठेवलेलं, लाईट गेले तरी जागच्या जागी.

आता समजा शिंपी एकदम तरबेज आहे पण टेबल हातरुमालाएवढं. पँट कापायला घेतली की आधीचा शर्ट घडी करून कपाटात, कुणी शर्टाचं विचारायला आलं की पँट कपाटात आणि शर्ट बाहेर, दिवसभर बिचारा कपाटाकडेच फेऱ्या मारतोय, कात्री हातात घ्यायला वेळ नाही. लॅपटॉप हँग होतोय असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा आत हेच चाललेलं असतं. आणि लोक उपाय काय करतात, तर आणखी भारी शिंपी आणतात, टेबल तेवढंच ठेवून.

माझ्या भाचीचा किस्सा सांगतो. चारेक वर्षं जुना लॅपटॉप, "मामा हा संपलाय आता, नवीन घेऊया" असं चाललेलं. मी टास्क मॅनेजर उघडला (कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की उघडतो, आत काय चाललंय ते टक्क्यांत दाखवतो). प्रोसेसर १४ टक्के, मेमरी ९३ टक्के, डिस्क १०० टक्के. शिंपी निवांत, टेबल गच्च, आणि कपाटाची दारं धडाधड उघडझाप. रॅम ४ जीबी होती आणि स्टोरेजला जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क. मागचं झाकण उघडून रॅमची एक पट्टी आणि हार्ड डिस्कच्या जागी एक एसएसडी (चिपवर चालणारं वेगवान स्टोरेज) टाकली, बस. आधी ती बटण दाबून दात घासून यायची, आता खुर्चीत नीट बसेपर्यंत स्क्रीन तयार असते. झाकणाचा एक स्क्रू मात्र माझ्याकडून हरवला, तो कोपरा जरासा वर राहतो आणि ती तो मला दर भेटीत दाखवते.

मग रॅम किती?

विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टची किमान अट ४ जीबीची आहे. ही अट म्हणजे 'सुरू होईल' एवढंच वचन, 'काम करता येईल' असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. विंडोज नुसतं उघडलं तरी तीन-चार जीबी जागा खाऊन बसतं, वर ब्राउझरचे वीसेक टॅब, एखादी पीडीएफ, ऑनलाईन लेक्चर आणि मागे गाणी, इतकं झालं की ८ जीबीचं टेबल काठोकाठ भरतं. त्यात स्वस्त लॅपटॉपमधे चित्र दाखवणारी वेगळी चिप नसते, ते काम प्रोसेसरच्या पोटातलाच एक भाग करतो आणि तो याच टेबलाचा एक कोपरा अडवतो. म्हणून ८ लिहिलेलं असतं पण आपल्या हाताला ८ पेक्षा कमीच येते.

१६ जीबी मिळत असेल तर प्रश्नच मिटला. बजेटमधे बसत नसेल तर ८ घ्या, पण एक गोष्ट बघूनच घ्या, ती म्हणजे नंतर वाढवता येते का. ही या सगळ्या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे त्यामुळे जरा थांबून वाचा. काही लॅपटॉपमधे रॅम पट्टीच्या रूपात खाचेत बसवलेली असते, ती काढता-घालता येते. काहींमधे ती बोर्डावर कायमची डकवलेली असते, म्हणजे टेबल जमिनीत सिमेंटने पक्कं केल्यासारखं, मोठं करायचं तर दुकानच बदला. माहितीपत्रकात 'ऑनबोर्ड' किंवा 'सोल्डर्ड' असा शब्द दिसला की समजायचं डकवलेली आहे. रॅमच्या प्रकाराचं नाव एलपीडीडीआरने सुरू होत असेल तरीही जवळजवळ नेहमी तेच. नुसतं डीडीआर ४ किंवा डीडीआर ५ असेल तर आशा आहे, मग विचारायचं की मोकळी खाच आहे का. '८ जीबी ऑनबोर्ड अधिक एक खाच' हाही प्रकार असतो आणि तो चांगला, आत्ता भाव चढलेत तर ८ वर काढा, उतरले की वाढवा.

८ जीबी, डकवलेली, खाच नाही, असा नवा लॅपटॉप तीन-चार वर्षांच्या कोर्ससाठी मी कुणाला सुचवत नाही. कितीही पातळ आणि सुंदर असला तरी.

स्टोरेज, इथे काटकसर चालते (एक अट सोडून)

ती अट म्हणजे एसएसडीच हवी. हार्ड डिस्कमधे एक तबकडी मिनिटाला ५४०० वेळा फिरते आणि एक सुई इकडून तिकडे जाऊन हवी ती फाईल शोधते, दर शोधाला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. ऐकायला काहीच नाही वाटत, पण विंडोज सुरू होताना असे हजारो छोटे छोटे शोध लागतात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, सगळं चिपवर, त्यामुळे तोच शोध शंभरपट लवकर होतो. कपाट वरच्या मजल्यावर असणं आणि हाताशी असणं एवढा फरक. भाचीच्या लॅपटॉपमधे खरी जादू याचीच होती.

एकदम स्वस्त लॅपटॉपमधे ईएमएमसी नावाचा तिसरा प्रकार सापडतो, ६४ किंवा १२८ जीबीचा. साध्या फोनमधे वापरतात त्या जातीची मेमरी, एसएसडीपेक्षा हळू आणि बोर्डावर डकवलेली. ६४ जीबीत विंडोजची अपडेटं आली की जागा संपते, मग तुम्ही दर महिन्याला फाईली पुसत बसता. लांब राहा.

एसएसडी २५६ जीबीची घेतली तरी लिहिणं, वाचणं, प्रेझेंटेशन यांना पुरते, बहुतेक विंडोज लॅपटॉपमधे ती नंतर बदलता येते आणि फोटो-व्हिडिओ बाहेरच्या ड्राइव्हवर टाकता येतात. व्हिडिओ एडिटिंग असेल तर ५१२ बघा. आणि हो, ५१२ ची घेऊन घरी ४७६ दिसली तर कुणी फसवलेलं नाही. कंपनी हजाराच्या हिशोबात मोजते, विंडोज १०२४ च्या, माप वेगळं माल तेवढाच.

प्रोसेसरच्या नावाची गंमत

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, आणि ती सगळी खरं बोलून होते. लोकांना वाटतं आय सेव्हन म्हणजे आय थ्री पेक्षा नेहमी भारी. इंटेलचा २०१६ चा आय सेव्हन ७५०० यू घ्या, त्यात दोनच कोर, म्हणजे काम करणारे दोनच हात. २०२२ चा आय थ्री १२१५ यू घ्या, त्यात सहा. तरी जुन्या बाजारात 'आय सेव्हन आहे साहेब' म्हणून पहिलाच आधी खपतो.

इंटेलसारखीच प्रोसेसर बनवणारी दुसरी कंपनी एएमडी, तिचं आणखी मजेशीर आहे. रायझन ५ ७५२० यू आणि रायझन ५ ७५३० यू, एका आकड्याचा फरक, शेजारी शेजारी ठेवलेले. पहिल्यात चार कोर आणि आतली रचना २०१९ ची, दुसऱ्यात सहा कोर आणि रचना २०२० ची. सुरवातीचा ७ बघून दोन्ही सारखेच नवे वाटतात पण तो आकडा बाजारात कुठल्या वर्षी आला ते सांगतो, आतला मेंदू किती जुना ते तिसऱ्या आकड्यात लपलेलं असतं. आणि त्या ७५२० यू बरोबर रॅम डकवलेलीच येते, म्हणजे परत तोच आपला मुद्दा.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. पूर्ण नाव शेवटच्या अक्षरासकट टाईप करून तो कधीचा आहे आणि किती कोरचा आहे एवढं शोधा. शेवटी यू असेल तर कमी वीज खाणारा, कॉलेजला बरा. एच असेल तर ताकदीचा, पण गरम होतो आणि बॅटरी लवकर पितो. गेल्या तीन-चार वर्षांतला आय थ्री किंवा रायझन ३ सुद्धा निबंध, एक्सेल, कोडिंगची सुरवात, व्हिडिओ कॉल हे सगळं आरामात उचलतो.

पण चार वर्षं टिकायला हवा ना, मग भारीतलाच प्रोसेसर नको का?

हा प्रश्न पालक हमखास विचारतात आणि चुकीचाही नाही. पण लॅपटॉप चार वर्षांत मरतो तो प्रोसेसर म्हातारा झाला म्हणून फार क्वचित. बिजागरी तुटते, बॅटरी बसते, चार्जिंगचं पोर्ट ढिलं होतं, कीबोर्डची दोन बटणं जातात, नाहीतर बॅगेत दाबून स्क्रीनला रेघ येते. त्यामुळे वरच्या प्रोसेसरला जे जास्तीचे पैसे देणार होतात ते रॅमवर आणि अंगच्या मजबुतीवर घाला.

दुकानात ठेवलेला पीस असेल तर झाकण एका कोपऱ्याला धरून उघडा, स्क्रीन वेडीवाकडी पिळवटते का बघा. कीबोर्डच्या मधोमध बोट दाबा, खड्डा पडतो का बघा. मग खरंच एक परिच्छेद टाईप करा, उभं राहून नाही, खुर्ची मागून घ्या. दुकानदार बघेल जरा विचित्र नजरेने. बघू दे, रात्री दोन वाजता प्रोजेक्ट रिपोर्ट तुम्ही टाईप करणार आहात.

स्क्रीनही न बदलता येणाऱ्यातच धरा, बदलून मिळते पण परवडत नाही. १३६६ बाय ७६८ असं लिहिलेलं असेल तर नको, त्यात साडेदहा लाख ठिपके असतात, १९२० बाय १०८० मधे जवळपास एकवीस लाख, अक्षर दुप्पट रेखीव. १९२० बाय १२०० मिळाली तर आणखी छान, उंची जास्त मिळते म्हणून पानाच्या दोन-चार ओळी जास्त दिसतात. स्क्रीनचा प्रकार म्हणाल तर आयपीएस पॅनल हवं, साध्या टीएन पॅनलवर बाजूने बघितलं की रंग उलटेपालटे होतात. ब्राइटनेस निट्समधे लिहितात, २५० असेल तर खोलीत ठीक, खिडकीशी बसलात की स्वतःचाच चेहरा दिसतो, ३०० किंवा वर असेल तर बरं. मी स्वतः एकदा निट्स कमी असलेली चकचकीत स्क्रीन स्वस्तात मिळाली म्हणून घेतली होती. पुढची तीन वर्षं पडदे ओढून काम केलं.

गेमिंग लॅपटॉप घेतला की सगळंच होईल

होईल, पण तो उचलायचा तुम्हालाच आहे. अडीच किलोचं यंत्र, वर अर्ध्या किलोच्या पुढचा चार्जर, वर्गात पंख्याचा आवाज, आणि बॅटरी लेक्चर संपायच्या आधी मान टाकते. बॅटरीचा हिशोब सोपा आहे. क्षमता वॉट-अवरमधे लिहिलेली असते, तिला लॅपटॉप किती वॉट खातो त्याने भागायचं. ४५ वॉट-अवरची बॅटरी आणि साध्या लिखाणाला ६ वॉट, म्हणजे साडेसात तास. तेच गेमिंगवाला नुसता उघडा ठेवला तरी १५-२० वॉट खात असेल तर सव्वादोन ते तीन तास. जाहिरातीतले 'बारा तास' बहुतेक कमी ब्राइटनेसवर व्हिडिओ चालवून मोजलेले असतात, त्यापेक्षा वॉट-अवर बघा.

थ्रीडी मॉडेलिंग, आर्किटेक्चर, ॲनिमेशन असलं काही शिकत असाल तर वेगळी ग्राफिक्स चिप खरंच लागते, तिथे वाद नाही. पण आधी डिपार्टमेंटला किंवा सीनियरना विचारा की कुठलं सॉफ्टवेअर आणि कुठल्या वर्षी. कधीकधी तिसऱ्या वर्षी लागणाऱ्या गोष्टीसाठी लोक पहिल्याच दिवशी ओझं घेतात, आणि ते काम कॉलेजच्या लॅबमधेही होणार असतं.

टॅबलेट, क्रोमबुक, मॅक?

टॅबलेट वाचायला आणि हाताने नोट्स काढायला मस्त, पण चाळीस पानी रिपोर्ट त्यावर एकदा करून बघा. जोडीला चालेल, एकटा नाही. क्रोमबुक म्हणजे जवळपास सगळं ब्राउझरमधे, कमी ताकदीतही चटपटीत, आणि २०२१ नंतरच्या मॉडेलना गुगल दहा वर्षं अपडेट देणार आहे. कला, वाणिज्य, भाषा यांना पुरून उरेल, पण सॉलिडवर्क्ससारखं (थ्रीडी डिझाईनचं) विंडोजवरच चालणारं सॉफ्टवेअर लागलं की अडलं, आणि काही ऑनलाईन परीक्षांची लॉक करणारी ॲप त्यावर चालत नाहीत.

मॅक महाग, पण २०२० च्या शेवटी आलेल्या एम वन चिपचा मॅकबुक एअर अजूनही जुन्या बाजारात विचार करण्यासारखा आहे, पंखा नाही, बॅटरी दणकट. फक्त त्यात रॅम आणि स्टोरेज दोन्ही कायमचं, त्यामुळे घेतानाच काय ते ठरवायचं. ॲपलने स्वतःसुद्धा ऑक्टोबर २०२४ मधे नव्या मॅकची सुरवात ८ वरून १६ जीबीवर नेली, त्यातून काय ते समजा.

'एआय पीसी' नाही घेतला तर मागे पडू का?

नाही. चॅटबॉटला प्रश्न विचारता तेव्हा ते काम दूर कुठल्यातरी डेटा सेंटरमधे होतं, तुमच्या लॅपटॉपला फक्त इंटरनेट लागतं. एआय पीसीमधे प्रोसेसरच्या पोटातच एनपीयू नावाचा एक वेगळा भाग असतो जो काही कामं लॅपटॉपवरच करतो, जसं की कॉलमधे मागचं धूसर करणं. मे २०२४ मधे मायक्रोसॉफ्टने 'कोपायलट प्लस' हे लेबल आणलं तेव्हा त्याच्या अटींत १६ जीबी रॅमही होती, तेवढा एक फायदा खरा. पण यातले स्नॅपड्रॅगन चिपवाले घेताना, कोर्सचं सॉफ्टवेअर, प्रिंटर आणि परीक्षेचं ॲप त्यावर चालतं का ते आधी तपासा, कारण ती चिप इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या घराण्यातली आहे.

जुना घ्यावा का, किंवा घरातला वापरावा का?

माझं मत, बजेट अगदीच हात आखडून असेल तर नव्या टुकार लॅपटॉपपेक्षा ऑफिसातून निघालेला चांगला जुना बरा. लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक ही मंडळी दिसायला ओबडधोबड पण बिजागऱ्या भक्कम, कीबोर्ड चांगले, आणि बऱ्याच मॉडेलमधे रॅम, एसएसडी, बॅटरी बदलता येतात. पण विंडोज ११ अधिकृतपणे बसायला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि साधारण २०१७ च्या शेवटानंतरचा, म्हणजे इंटेल आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचा कितीही स्वस्त मिळाला तरी विंडोजसाठी घेऊ नका. विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणजे लॅपटॉप बंद पडत नाही, पण नवी भोकं सापडली की बुजवायला कुणी येत नाही, आणि त्याच मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकता.

घरात असा जुना असेलच तर त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून बघा, फुकट आहे, सोबत लिब्रेऑफिस मिळतं, वर्डच्या फाईली बऱ्यापैकी उघडतात. क्वचित रकाने इकडेतिकडे होतात म्हणून जमा करायची फाईल पीडीएफ करून द्या.

जुना घेताना तो विकणाऱ्यासमोरच पूर्ण बंद करून परत चालू करा. सुरवातीलाच कुठला पासवर्ड मागितला किंवा कुठल्या ऑफिसचं नाव झळकलं तर तो अजून त्यांच्या ताब्यात आहे, सोडून द्या. मॅक असेल तर आधीच्या मालकाने त्याच्या ॲपल खात्यातून काढलाय ना ते बघा.

घरी आणल्यावर पहिले दोन दिवस

कव्हर, स्टिकर नंतर. आधी टास्क मॅनेजर उघडून रॅम सांगितली तेवढी आहे का आणि किती खाचा वापरात आहेत ते बघा, मेमरीवर क्लिक केलं की तिथेच लिहिलेलं असतं. काही स्वस्त लॅपटॉप विंडोजच्या एस मोडमधे येतात, त्यात फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधली ॲप टाकता येतात, सेटिंगमधून तो फुकटात काढता येतो पण परत लावता येत नाही. पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र स्क्रीनभर लावून मेलेले ठिपके शोधा, सगळी पोर्टं एकेकदा वापरून बघा, टाईप-सी वर चार्जिंग होतं का तेही, कारण दिसायला सगळी टाईप-सी सारखीच असली तरी सगळ्यांना सगळं येत नाही. एक तासभर व्हिडिओ कॉल करा, कुणीही चालेल, आणि समोरच्याला विचारा आवाज येतोय का. जुना असेल तर विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढा, त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता शेजारी शेजारी असते, आत्ताची मूळच्या साठ टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च धरूनच भाव करा. हे सगळं परत करायची मुदत संपायच्या आत, आणि खोका, थर्माकोल तोवर टाकू नका.